तुम्ही झोपला होतात तेव्हा

अहो, पोहोचले मी. या खेपेला बंगळुराहून एकटीच आले. सामान फारसं नाही. दोन साड्या, गोळ्यांची डबी, आपल्या मंजूने बळेच कोंबलेल्या चकल्या आणि तुमचा तो हिरव्या चौकड्यांचा टॉवेल. सुमतीअम्मांनी त्यांच्या घराच्या व्हरांड्यात नेहमीसारख्या दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, कापडी पाठीच्या, समुद्राकडे तोंड केलेल्या. डावीकडच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. उजवीकडची तुमची. तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला, पण तिच्यावर साधी पिशवी ठेवायलाही माझा हात धजावत नाही.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "मी नाही तर इकडं कशाला कडमडलीस की?" सांगते. संक्रांत झाली की चार दिवस इथे यायचं हा आपला नेम. या वर्षी येणार नाही एवढं कळवायचं, म्हणून मी सुमतीअम्मांना फोन लावला. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले, कुणाकुणाच्या मरणाच्या बातम्या माझ्या हाताखालून गेल्या, पण स्वतःच्या घरची बातमी मला सांगता आली नाही. त्यांनी विचारलं, "कधी येता? खोली झाडून ठेवते." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुक्रवारी येतो." येतो, म्हणजे आपण दोघं. फोन ठेवला आणि मग कळलं मी काय बोलले ते. परत लावून खरं सांगायचं धैर्य झालं नाही. मग म्हटलं, आता बोललेय तर जायलाच हवं.

अण्णाला हे पसंत नव्हतं. माझा हा थोरला भाऊ तुम्हाला ठाऊकच आहे. कॉटनपेटेतून मुद्दाम आला, पंख्याखाली बसला, दोन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, "वर्ष फिरायच्या आत असं एकटीनं जाणं सरी नाही गं, बरं दिसत नाही. समुद्र काय पळून चाललाय?" मला एकदम हसूच फुटलं. अण्णा बघतच राहिला. त्याला काय माहीत, ते वाक्य तुमचं होतं. मंजू मात्र म्हणाली, "मामा, जाऊ दे तिला. स्वल्प झोपून येऊ दे." कोरमंगल्याचा कॉम्प्युटरचा क्लास बुडवून ती मला मॅजेस्टिकच्या स्टँडवर बसमध्ये बसवून गेली. जाताना म्हणाली, "बाबांची खिडकी तू घे."

तिने झोपेचं म्हटलं ते उगीच नाही. तुम्ही गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. तशी मला झोप कधी धड नव्हतीच. आपल्या घरात झोप ही वस्तू रेशनवर मिळायची. तुम्ही बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीन पाळ्यांत फिरणारे, मी एक्स्चेंजमध्ये तीन पाळ्यांत फिरणारी, आणि या दोन चक्रांचा मेळ बसला असं लग्नानंतर क्वचितच झालं. आडुगोडीच्या त्या दोन खोल्यांत पलंग एकच होता आणि तो पुरायचा, कारण त्यावर एका वेळी एकच माणूस असायचं. मी उठले की तुम्ही आडवे व्हायचात. मी झोपायला जायचे तेव्हा उशी तुमच्या डोक्याने कोमट असायची. कधी चुकून दोघंही घरी असलो, तर माझ्या सारख्या कूस बदलण्याने तुमच्या झोपेचं खोबरं नको म्हणून मी बाहेर मंजूजवळ अंथरूण टाकायचे. एक्स्चेंजमधल्या बायका नवऱ्यांच्या घोरण्याच्या तक्रारी करायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. पंख्याच्या घरघरीत तुम्ही घोरता की नाही, हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं.

म्हणून तर तो टॉवेल. घरात कुणी झोपलं असेल तर बाहेरच्या कडीला टॉवेल बांधायचा, आणि झोपलेल्याला काही झालं तरी उठवायचं नाही, हा तुमचा कायदा. दूधवाला टॉवेल पाहून पिशवी हळूच उंबऱ्याशी ठेवायचा. पेपरवाला पेपर फेकायचा नाही, दाराखालून सरकवायचा. समोरच्या घरातली अक्का आपल्या नातवंडांना दटावायची, "हळू रे, टॉवेल लागलाय." सगळी गल्ली आपल्या झोपेची राखण करायची आणि आपल्या दोघांपैकी जागं असलेलं माणूस पायांचा आवाज न करता घरभर हिंडायचं. मंजू तर बोलायला शिकली तीच कुजबुजत. तुम्ही गेल्यानंतरही तो टॉवेल कडीलाच होता. मी काढला नाही आणि काढायला कुणी सांगितलंही नाही. इथे यायच्या दिवशी सोडवला आणि पिशवीत टाकला.

इथे आपण पहिल्यांदा आलो ते काही ठरवून नाही. मंजू लहान होती, देवीच्या दर्शनाला गेलो होतो आणि परतताना या किनाऱ्याच्या रस्त्यावर बस बंद पडली. दुसरी बस संध्याकाळपर्यंत यायची नाही म्हणाले. सगळे उतारू कंडक्टरशी भांडत बसले आणि सुमतीअम्मा कुंपणाशी येऊन मला म्हणाल्या, "लेकराला घेऊन सावलीत ये." त्यांनी मंजूला आत नेलं, मला या खुर्चीत बसवलं, आणि मी म्हटलं, जरा पाठ टेकते. मला आठवतं ते एवढंच. नारळाची सावली पायावर होती ती गुडघ्यावर आली होती, आणि तो आवाज. एक्स्चेंजमध्ये माझ्या कानाला दिवसभर आवाज चिकटलेले असायचे. प्रत्येकाला काहीतरी हवं असायचं, लौकर हवं असायचं, आणि घरी आल्यावरही ते कानातून जायचे नाहीत. इथला आवाज मला काहीच मागत नव्हता. येत होता आणि परत जात होता. त्याला कुणाशी जोडून द्यायचं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. शेजारच्या खुर्चीत तुम्ही ताठ बसून समुद्राकडे पाहत होतात, खांद्यावर टॉवेल. मी ओशाळून विचारलं, "किती वेळ झोपले हो मी?" तुम्ही म्हणालात, "समुद्र दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला बघ." एका दुपारी भरती-ओहोटी दोनदा होत नाही, एवढंही तेव्हा आपल्या बंगळुरी डोक्यात आलं नाही. मी म्हटलं, "मला उठवायचं नाही का? समुद्रापाशी येऊन समुद्र पाहिलाच नाही मी." त्यावर तुमचं ते पेटंट उत्तर, "समुद्र काय पळून चाललाय?" आणि मग, माझी समजूत काढायला म्हणून, मी झोपले असताना काय काय झालं ते तुम्ही सांगायला लागलात.

त्या दिवशी ती होडी पहिल्यांदा आली. हिरव्या पट्ट्याची. तिच्यात दोन भाऊ, थोरला पुढच्या टोकाला, धाकटा मागच्या. दोघांचं भांडण झालेलं, बोलणं बंद, पण बापाची होडी एकच, म्हणून रोज बरोबरच जावं लागतं. थोरला हाताने खूण करतो, धाकटा दुसरीकडेच बघत वल्हं मारतो. मी विचारलं, "भांडण कशावरून?" तुम्ही म्हणालात, "एवढ्या लांबून ऐकू येतंय होय? पुढच्या वेळी बघतो."

पुढच्या वेळेसाठी म्हणून आपण पुढच्या वर्षी आलो. मग आपला नेमच झाला. दरवर्षी मी या खुर्चीत बसायचे आणि चारही दुपारी मेल्यासारखी झोपायचे. दरवर्षी उठले की तुम्ही ताठ बसलेले, समुद्राकडे पाहत, आणि बातम्या तयार. भावांचं भांडण वल्ह्यावरून होतं असं एका वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी धाकट्याचं लग्न ठरलं आणि थोरल्याने नवी लुंगी घालून होडी हाकली, पण बोलला नाही. छत्री घेऊन येणारी एक म्हातारी होती, ती लाटांना शिव्या द्यायची. एक पांढरं कुत्रं होतं, त्याला फक्त डाव्या पायाच्या चपला आवडायच्या. मला ही माणसं तोंडपाठ होती. एक्स्चेंजमध्ये लाइनी तुंबल्या की मी मनात म्हणायचे, काय करत असतील आत्ता ते दोघं? बोलले असतील का एकदाचे? आणि माझा हात जरा सावकाश चालायचा.

सावकाश होणं म्हणजे काय ते मी तुमच्याकडे पाहून शिकले. पहिल्या दिवशी तुम्ही वाळूतही कारखान्याच्या चालीने चालायचात, भोंगा व्हायच्या आत गेट गाठायचंय अशा थाटात. जेवण तर गिळायचात. कँटीनची सुट्टी संपेल या धसक्याने तुम्ही आयुष्यभर जेवलात. दुसऱ्या दिवशी मनगटावरचं घड्याळ खिशात जायचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही एक केळं सोलायला घ्यायचात आणि मध्येच थांबून समुद्राकडे बघत बसायचात, अर्धं सोललेलं केळं तसंच हातात. मंजू हसायची, "बाबा, केळ्याला विसरलात." चौथ्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलताना पूर्ण वाक्यं बोलायचात. माझ्या भाषेची टिंगल करायलाही तुम्हाला इथेच सवड व्हायची. तुम्ही निपाणीकडचे, म्हणजे स्वतःला अस्सल मराठी समजणारे. मी "स्वल्प सरका" म्हटलं की तुम्ही हात जोडायचात, "बाईसाहेब, तीनशे वर्षं झाली तुमच्या घराण्याला बंगळुरात येऊन, अजून मराठी येईना." मी म्हणायचे, "आणि तुमचं ते 'काय करायलीस' कुठल्या पोथीत आहे?" तो वाद काही मिटला नाही. आता कुणाशी घालू?

पण खरा वाद तो नव्हता. खरा वाद मी दरवर्षी निघायच्या दिवशी काढायचे. माझं म्हणणं असं, की मी चार दिवस झोपते, ठीक आहे. पण तुम्ही? तुम्ही जागे राहता. मंजू लहान होती, सामान उघड्यावर असायचं, तेव्हा समजण्यासारखं होतं. पण नंतरही? घरी कारखाना तुम्हाला झोपू देत नाही आणि इथे मी झोपू देत नाही. एक वर्ष तरी अदलाबदल करू, मी जागी राहते, तुम्ही झोपा. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "मला काय झोपेची गरज? मी बघून बघूनच ताजा होतो की." गेल्या वर्षी तर मी चिडले. बसमध्ये बसेपर्यंत बोलले नाही. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत, जणू स्वतःशीच म्हणालात, "पुढच्या वर्षी ते दोघं बोलतील बघ. थोरला आज मागं वळून बघायला लागला होता." मला हसू आलं आणि भांडण अर्धंच राहिलं.

मग हे असं झालं. दुपारची वेळ, पहिली पाळी संपवून तुम्ही कारखान्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलात, टेकलात. तुमच्या पाळीतला शिवण्णा तुमच्या मागच्या सीटवर होता. तेराव्याला तो माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "अक्का, आम्हाला वाटलं झोपलेत. आडुगोडीचा स्टॉप आला तेव्हा एक जण उठवायला निघाला होता, मीच म्हटलं, राहू दे, दमलेत बिचारे, स्वल्प झोपू दे. शेवटच्या स्टॉपवरून परत सोडू." शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरने हाक मारली. डॉक्टर म्हणाले, उठवलं असतं तरी उपयोग नव्हता, ते कधीच गेले होते. मी शिवण्णाला पाणी दिलं. पण मनातून मला त्या सगळ्या बसचा राग आला होता. आणि तुमचाही. झोपलेल्याला उठवायचं नाही हा कायदा कुणाचा?

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. माणूस जातोच, आज ना उद्या. पण तुम्ही दमलेले गेलात. उभ्या आयुष्यात तुम्हाला पोटभर विसावा मिळाला नाही. वर्षातले जे चार दिवस मिळायचे, तेही माझ्या उशाशी राखण करण्यात गेले. रात्र रात्र मी त्या पलंगावर पडून हाच विचार करायचे. उशी आता थंड असायची, आणि सगळा पलंग माझा असूनही मी माझ्याच बाजूला अंग चोरून पडायचे.

शुक्रवारी सकाळी मी रिक्षातून उतरले तर सुमतीअम्मा फाटकाशी उभ्या. माझ्या मागे बघत कानडीत म्हणाल्या, "यजमान मागून येतायत?" मी नकाराची मान हलवली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी माझी पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं, आणि खुर्च्यांकडे बघून त्यांचा हात जरा घुटमळला. पण त्यांनी तुमची खुर्ची उचलली नाही. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. त्या दुपारी मी बसले, पण डोळा लागेना. समुद्र तोच होता, आवाज तोच होता. मीच कान लावून बसले होते, तुम्ही खाकरता का, खुर्ची करकरते का, याकडे.

काल दुपारी सुमतीअम्मा कॉफी घेऊन आल्या आणि पायरीवर बसल्या. बोलायचं काहीतरी म्हणून मी विचारलं, "अम्मा, ती हिरव्या पट्ट्याची होडी येते का अजून? त्या दोघा भावांची?"

"कसली होडी?"

"ती नाही का, रोज दुपारी इथे समोर लागते. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत."

सुमतीअम्मा म्हणाल्या, "इथे होडी लागत नाही गं. खाली सगळा खडक आहे, फुटेल की. होड्या तिकडे, नदीच्या तोंडाशी लागतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथे होडी लागलेली पाहिली नाही."

"आणि छत्रीवाली म्हातारी? लाटांना शिव्या देणारी?"

"या वाटेला म्हातारी म्हणशील तर मीच."

मला वाटलं, यांचं वय झालं, विसरल्या असतील. मी म्हटलं, "अहो अम्मा, हे रोज बघायचे. मी झोपलेली असायचे ना. हे जागे असायचे, दुपारभर."

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "यजमान? जागे?" आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मला रागच आला. डोळे पुसत म्हणाल्या, "अय्यो, तुझा डोळा लागला की लगेच तेही झोपायचे! मंजू आत माझ्यापाशी असायची, तिला काय कळणार. तू निदान थोडी चुळबुळ करायचीस. त्यांनी पाठ टेकली की संपलं. तोंड उघडं, आणि घोरणं असं की आमचं मांजर परसात पळून जायचं. मी कॉफी आणायची, दोघांना बघायची आणि परत न्यायची. दुसऱ्यांदा आणली की पेला मुद्दाम आपटून ठेवायची. त्याने त्यांना जाग यायची. मग घाईघाईने तोंड पुसायचे, केस सारखे करायचे, ताठ बसायचे आणि मला अशी खूण करायचे." त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. अगदी तुमच्यासारखं, भुवया वर करून. "मला वाटायचं, नवरा-बायकोचा काही खेळ असेल. तुला माहीत असेल."

त्याच पुढे म्हणाल्या, "तो हिरवा टॉवेल या खांबाला बांधायचे. एकदा मी विचारलं, हे काय? म्हणाले, आमच्याकडे ही खूण आहे, इथे माणूस झोपलंय, आवाज करू नका. मी म्हटलं, माणूस की माणसं? तर म्हणाले, माणसं. पण तिला सांगू नका हं, ती मला राखणदार समजते."

अहो! थापाडे! आयुष्यात तुम्हाला कधी एकेरी बोलले नाही, पण काल या पायरीवर बसून मी तुम्हाला मनसोक्त अरे-तुरे केलं. इतकी वर्षं ही लोणकढी थाप! तो थोरला, तो धाकटा, ती नवी लुंगी, ते डाव्या चपलेचं कुत्रं, सगळं त्या अर्ध्या मिनिटात, केस सारखे करता करता रचलेलं! आणि मी भोळी त्या भावांची काळजी करत ट्रंक कॉल जोडत होते. पहिल्या दिवशी लाज वाटली असेल तुम्हाला, राखण करायला बसलेला माणूस स्वतःच झोपला म्हणून. मग थाप निभवावी लागली. पण दरवर्षी निभवलीत ती माझ्यासाठी, मला माहीत आहे. मी हसत होते आणि सुमतीअम्मा माझी पाठ चोळत होत्या. हसण्याचं रडं कधी झालं ते मलाही कळलं नाही.

कारण तुम्ही झोपला होतात. मला जे खात होतं ते खरं नव्हतंच. चार दुपारी, दरवर्षी, तोंड उघडं टाकून, मांजर पळेपर्यंत तुम्ही झोपला होतात. आणि तुम्ही घोरता, अहो! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. घरी एका पलंगावर आपण पाळीपाळीने झोपलो आणि एकमेकांची फक्त ऊब ओळखली. पण इथे, दोन खुर्च्यांवर, एकाच वाऱ्यात, एकाच आवाजात आपण दोघं एका वेळी झोपलो होतो. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत फक्त इथे. मी ते कधी पाहिलं नाही, तुम्हीही पाहिलं नाही. पाहिलं ते एकट्या सुमतीअम्मांनी, आणि त्यांच्या हातात कॉफी होती. शिवण्णाचाही राग काल गेला. तुमचा झोपलेला चेहरा त्याने पाहिला आणि त्याला ती झोप मोडवली नाही. बंगळुराला गेले की त्याला घरी जेवायला बोलावणार आहे.

आज तिसरा दिवस. तुमच्या हिशेबाने केळं विसरायचा. दुपारी जेवण झाल्यावर टॉवेल घेतला आणि खांबाला बांधला. तुमच्यासारखी गाठ काही जमली नाही. मग या खुर्चीत बसले, तुमच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. महिन्यात पहिल्यांदा कुठलाही विचार माझ्या मागे लागला नाही. सावली पायावर होती एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कॉफी एकदा येऊन परत गेली असणार. सवयीने मान वळवली आणि विचारायला तोंड उघडलं, काय काय झालं हो? मग लक्षात आलं, आज जागं झालेलं माणूस मी आहे. म्हणजे सांगायचं मलाच.

तर ऐका. तुम्ही झोपला होतात तेव्हा ती होडी आली. हिरव्या पट्ट्याची. जिथे होडी लागत नाही, त्या खडकांपाशीच लागली. थोरला पुढे, धाकटा मागे, नेहमीसारखे. बराच वेळ दोघं तसेच बसून होते. मग थोरला उठला, होडी डुलली, धाकट्याने तिला वल्ह्याने सावरून धरलं. थोरला एकेक पाऊल टाकत मागे गेला आणि म्हणाला, "सरक की जरा." या वेळी मला ऐकू आलं. धाकटा सरकला. दोघं शेजारी शेजारी बसले. पुढे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने थोरल्याची मान धाकट्याच्या खांद्यावर कलली आणि धाकटा हलला नाही.

तुम्हाला हाक मारून दाखवावं असं फार मनात आलं. पण तुम्ही इतके छान झोपला होतात. मी उठवलं नाही.